भरवशाचा माणूस नजरेआड होतो तेव्हा

पत्र

मी चौदा जणांच्या टीमची प्रमुख आहे. हे पद मिळून दीड वर्ष झालं. गेल्या चार महिन्यांत दोघांनी राजीनामे दिले. त्यातला एक माझा सगळ्यांत भरवशाचा माणूस, नऊ वर्षं याच विभागात होता. त्याने थांबावं म्हणून मी पगाराबद्दल वर बोलते म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम, पैशांचा प्रश्न नाही. मी इथे आहे हे कुणाला माहीत आहे, असं मला कधी वाटलंच नाही." मी हादरले. त्याच्यावर मी एकदाही रागावले नव्हते, त्याच्या कामात कधी ढवळाढवळ केली नव्हती.

त्यानंतर मी 'महिन्याचा मानकरी' सुरू केला. प्रमाणपत्र, ग्रुपवर फोटो, मीटिंगमध्ये टाळ्या. पहिल्या महिन्यात सगळ्यांना बरं वाटलं. आता ज्याचं नाव येतं तो अवघडतो आणि बाकीचे मोबाइलमध्ये बघत बसतात. परवा टीममधल्या एकीने येऊन सांगितलं, "पुढच्या महिन्यात माझं नाव नका लावू." पगारवाढ माझ्या हातात नाही. स्वभावाने मी फार बोलकी नाही, भरभरून कौतुक करणं मला जमत नाही. आपल्याला इथे किंमत आहे असं माझ्या माणसांना वाटावं, म्हणून मी नेमकं काय करू?

– एक विभागप्रमुख

उत्तर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राजीनामा दिलेल्या त्या सहकाऱ्याच्या एकाच वाक्यापाशी थांबलो. "मी इथे आहे हे कुणाला माहीत आहे, असं मला कधी वाटलंच नाही." या वाक्यात कौतुकाची मागणी कुठेच नाही. टाळ्या, प्रमाणपत्र, फोटो, यांतलं काहीच त्यांनी मागितलेलं नाही. आपण काय करतो हे कुणाला तरी माहीत असावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. तुम्ही मात्र ऐकलंत "माझं कौतुक झालं नाही", आणि त्यावर उपाय शोधायला निघालात. उपाय फसला तो तिथेच.

पुढे तुम्ही लिहिता, त्यांच्यावर कधी रागावले नाही, त्यांच्या कामात ढवळाढवळ केली नाही. तुम्ही हे चांगुलपणाने लिहिलंय, हे मला कळतं. पण हेच वाक्य त्यांच्या खुर्चीत बसून वाचा. नऊ वर्षांतलं शेवटचं दीड वर्ष त्यांची प्रमुख त्यांच्याकडे वळली नाही, कारण वळावं असं काही घडतच नव्हतं. प्रमुखाचं लक्ष जिथे धूर दिसतो तिथे धावतं. जो चुका करतो, जो उशिरा येतो, ज्याची तक्रार येते, त्याच्यावर आपले तास खर्च होतात. ज्याच्याकडे काम दिलं की विसरून जाता येतं, त्याला आपण खरंच विसरून जातो. वर बक्षीस म्हणून आणखी काम देतो, कारण "त्यांना दिलं की झालं". याला आपल्याकडे चपखल शब्द आहे, गृहीत धरणं. ओरडा खाल्लेला माणूस निदान भांडू तरी शकतो. गृहीत धरलेल्या माणसाने तक्रार कशाची करायची? त्याला वाईट वागवलेलं नसतं. त्याला नुसतं पाहिलेलं नसतं.

हे मी इतक्या खात्रीने सांगू शकतो, कारण हे माझ्या हातून झालेलं आहे. मी एका विभागाचा प्रमुख असताना दर महिन्याला आमच्याकडून वर एक अहवाल जायचा. सहा वर्षं त्यात एकही चूक निघाली नाही, आणि त्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ अनेकदा थोपटली. आमच्या एक ज्येष्ठ सहकारी त्या सुमारास निवृत्त झाल्या. रीतसर निरोप झाला, मीही चार चांगले शब्द बोललो. पुढच्याच महिन्यात अहवाल परत आला, तीन ठिकाणी आकडे चुकलेले. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, ते मी बघायचे." अहवाल निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या थांबायच्या, मागच्या महिन्याच्या आकड्यांशी सगळे आकडे ताडून बघायच्या, शंका आली तर त्या त्या विभागाला स्वतः फोन करायच्या. हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. मी विचारलं, "मला कधी सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही." आवाजात जराही राग नव्हता. मला आजही तो फोन आठवतो. निरोपाच्या भाषणात मी त्यांना 'मनमिळाऊ' आणि 'कष्टाळू' म्हणालो होतो. हे दोन शब्द कुणालाही चिकटवता येतात. त्या काय करत होत्या हे मला माहीतच नव्हतं, तर मी दुसरं काय बोलणार होतो?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कौतुक दुय्यम आहे, आधी दखल लागते. कौतुक न बघताही करता येतं. आपण ते लहान मुलांचं उठता बसता करतो आणि त्यात काही गैर नाही. दखल घ्यायची तर आधी पाहावं लागतं, आणि मोठ्या माणसांना हा फरक लगेच कळतो.

एक प्रयोग सांगतो. डॅन एरिएली, एमिर कामेनित्सा आणि ड्रॅझेन प्रेलेक या तीन अभ्यासकांनी तो २००८ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना अक्षरांनी भरलेला एक कागद द्यायचा आणि त्यात एक ठरावीक अक्षर लागोपाठ दोनदा कुठे आलंय त्या जागा शोधायला सांगायच्या. कागद पूर्ण झाला की पैसे आणि हवा असल्यास पुढचा कागद. पण दर कागदाला मोबदला थोडा थोडा कमी होत जायचा, त्यामुळे कधीतरी माणूस म्हणणारच, पुरे झालं. पहिल्या गटातले विद्यार्थी कागदावर आपलं नाव लिहायचे, समोरचा माणूस तो कागद वरपासून खालपर्यंत बघायचा आणि फाइलमध्ये ठेवायचा. शाबासकी वगैरे काही नाही. दुसऱ्या गटात नाव नाही आणि बघणंही नाही, कागद सरळ गठ्ठ्यावर. तिसऱ्या गटात तर कागद न बघता त्यांच्या डोळ्यांदेखत तुकडे करणाऱ्या यंत्रात जायचा. पहिल्या गटाने सरासरी ९ कागद केले. तिसऱ्या गटाने ६ पेक्षा थोडे जास्त. आणि दुसऱ्या गटाने, ज्यांच्या कागदाकडे फक्त दुर्लक्ष झालं होतं, त्यांनी ७ सुद्धा केले नाहीत.

म्हणजे काम फाडून टाकणं आणि कामाकडे न बघणं, या दोन्हींचा माणसाच्या मनावर जवळपास सारखाच परिणाम झाला. मला यातली पहिल्या गटाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे कुणी कुणाचं कौतुक केलं नव्हतं. नाव होतं, आणि कुणीतरी पूर्ण बघितलं होतं. तुम्ही लिहिता की भरभरून बोलणं मला जमत नाही. ते जमायची गरजही नाही.

आता करायचं काय. आज किंवा उद्या, दार लावून अर्धा तास बसा. कोऱ्या कागदावर टीममधल्या सगळ्यांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे गेल्या पंधरा दिवसांत त्या माणसाने केलेली अशी एक गोष्ट लिहा, जी त्याने केली नसती तर काहीतरी अडलं असतं. 'मेहनती आहे', 'सहकार्य करतो' असलं काही चालणार नाही. नेमकं काम हवं. पाच-सहा नावांपुढे पेन भराभर चालेल. दोन-तीन नावांपुढे तुम्हाला आठवावं लागेल. आणि काही नावांपुढे पेन थांबेल. हा कागद कुणाला दाखवू नका. जिथे पेन थांबलं तिथे काम कमी होतंय असं बिलकूल समजू नका. तिथे तुमची नजर पोहोचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. राजीनामा दिलेला तुमचा माणूस चार महिन्यांपूर्वी अशाच एका रिकाम्या ओळीत होता.

मग त्या रिकाम्या ओळींपासून सुरुवात करा. केबिनमध्ये बोलावू नका, तुम्ही त्यांच्या टेबलापाशी जा. "मला तुमचं काम नीट समजून घ्यायचंय, अर्धा तास शेजारी बसले तर चालेल का?" असं विचारा. पहिल्यांदा माणूस बिचकेल, तपासणी आहे असं वाटेल. म्हणून कारण आधीच खरंखरं सांगा, "मी दीड वर्ष इथे आहे आणि तुम्ही नेमकं काय काय सांभाळता हे मला पुरतं माहीत नाही. चूक माझी आहे." आणि मग दोनच प्रश्न. तुमच्या कामातलं असं काय आहे जे कुणाला दिसत नाही? आणि रोज कुठे अडतं? त्यानंतर गप्प बसायचं. इथे तुमचा अबोलपणा तुमच्या फार उपयोगी पडेल. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तिथे १९२८ पासून दोन-अडीच वर्षांत वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात प्रश्नांची यादी असायची. माणसं मात्र प्रश्न सोडून स्वतःला सलणाऱ्या गोष्टींकडे वळायची. शेवटी त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि ज्याला जे बोलायचं ते बोलू दिलं. मुलाखती लांबल्या, पण खरी माहिती तेव्हा यायला लागली. तुमच्या लोकांनाही पहिली दहा मिनिटं काय बोलावं सुचणार नाही. ती शांतता भरून काढायची घाई करू नका.

"रोज कुठे अडतं?" या दुसऱ्या प्रश्नावर मी मुद्दाम थांबतो, कारण बहुतेक प्रमुख तो विचारतच नाहीत. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रॅमर या दोन संशोधकांनी ७ कंपन्यांमधल्या २३८ लोकांकडून रोजच्या कामाच्या डायऱ्या लिहून घेतल्या, जवळपास १२ हजार नोंदी जमल्या. लोकांना कामाचा दिवस कधी चांगला वाटला, हे त्यांनी त्यातून शोधलं. ज्या दिवशी मनापासून करावं वाटणारं काम थोडं का होईना पुढे सरकलं, तो दिवस चांगला. इतकी साधी गोष्ट. पण त्यांनी ६६९ मॅनेजरांना लोकांना हुरूप कशाने येतो, असं विचारलं तेव्हा कामाची प्रशंसा सगळ्यांत वर आली, आणि काम पुढे सरकायला मदत करणं बहुतेकांनी सगळ्यांत खाली ढकललं. तुम्हीही सहज प्रशंसेकडे वळलात, त्यात तुम्ही एकट्या नाही. पण एखाद्याची फाइल दुसऱ्या विभागात तीन आठवडे पडून आहे, आणि तुमच्या एका फोनने ती सुटणार आहे, तर तो फोन कुठल्याही प्रमाणपत्राहून मोठा आहे. "तुमचं काम इतकं महत्त्वाचं आहे की त्यासाठी मी माझा शब्द खर्च करते", हे त्या फोनमधून त्याला न सांगता कळतं. ज्या गोष्टी तुमच्याच्याने सुटणार नाहीत, त्याही सांगून टाका. "मी विचारलं, होणार नाही, कारण असं आहे." उत्तर नकाराचं असलं तरी चालतं. विचारून घेऊन मग काहीच न कळवणं, हे मात्र न विचारण्यापेक्षा वाईट.

तसंच मागवलेल्या अहवालांचं. तुमच्याकडे दर आठवड्याला किती अहवाल येतात आणि त्यातले तुम्ही किती उघडता, हे एकदा प्रामाणिकपणे मोजा. न उघडलेला अहवाल म्हणजे प्रयोगातला तो गठ्ठा. लिहिणाऱ्याला ते कळतं, तुम्हाला वाटतं त्याहून फार लवकर कळतं. कुणी मुद्दाम एक आकडा चुकवून बघतो, कुणी मागच्याच महिन्याचा पाठवून बघतो, आणि काहीच झालं नाही की त्याच्या मनात काहीतरी कायमचं मिटतं. नको असेल तो अहवाल बंद करा आणि तसं सांगा, त्यांचा वेळ वाचेल. हवा असेल तर वाचा, आणि वाचल्याची एक खूण परत जाऊ द्या. "पान दोनवरची घट मला दिसली नव्हती, बरं झालं दाखवलीत." एवढी एक ओळ.

आता 'महिन्याचा मानकरी'. तो बंद करा. चौदा जणांच्या टीममध्ये एकाचं नाव घेताना तेरा जणांची नावं घेतली जात नाहीत, आणि हे दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, सगळ्यांसमोर घडतं. निकष स्पष्ट नसतील तर 'का तो?' हा प्रश्न उरतो, आणि निकष फार स्पष्ट केले तर लोक तेवढंच करायला लागतात. शिवाय पाळीपाळीने सगळ्यांना द्यायचं ठरवलं तर त्याचा अर्थ संपतो. पण गुपचूप बंद करू नका. मीटिंगमध्ये सरळ सांगा की तुम्ही हे चांगल्या हेतूने सुरू केलं होतं, पण यातून काही जण अवघडतात आणि काही दुखावतात हे लक्षात आलं, म्हणून थांबवतेय. प्रमुखाने स्वतःचा निर्णय चुकल्याचं सगळ्यांसमोर मान्य करणं, हाही टीमचा एक मान आहे.

आणि ज्या मुलीने "माझं नाव नका लावू" म्हटलं, तिच्याकडे मुद्दाम जा. तुमच्या टीममध्ये तुमच्याशी इतकं खरं बोलणारी ती एक आहे. कदाचित तिला चारचौघांत नाव घेतलेलं आवडत नसेल, कदाचित तिच्या मते ते नाव दुसऱ्या कुणाचं असायला हवं होतं. विचारा. काहींना सगळ्यांसमोर ऐकायला आवडतं, काहींना दोन ओळींचा ईमेल पुरतो, काहींना नुसतं अवघड काम विश्वासाने हातात दिलेलं हवं असतं. हे ओळखायचं नसतं, विचारायचं असतं.

कौतुक करूच नका, असं मी म्हणत नाही. दखल घेतली की ते आपोआप नेमकं होतं. "छान काम केलंत" हे वाक्य मला तरी रिकाम्या पाकिटासारखं वाटतं. त्याऐवजी असं म्हणून बघा, "मंगळवारी क्लायंटचा अचानक फोन आला तेव्हा जुना सगळा पत्रव्यवहार तुम्ही आधीच काढून ठेवला होता, म्हणून मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं. नाहीतर आठवडा गेला असता." यात कसलंही विशेषण नाही. काय केलं, कधी केलं आणि त्याने काय झालं, इतकंच आहे. पण ऐकणाऱ्याला कळतं की हे वाक्य फक्त माझ्यासाठीच तयार झालंय. आणि हे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बोला. अप्रेझलपर्यंत साठवून ठेवू नका, तोवर तो मंगळवार दोघांच्याही डोक्यातून गेलेला असतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणूस खोलीत नसताना त्याचं नाव घेणं. तुम्ही वरिष्ठांसमोर प्रेझेंटेशन करता तेव्हा 'आम्ही' म्हणता की 'हे अमुकने शोधून काढलं' असं नावानिशी म्हणता? 'आम्ही' नम्र वाटतं, पण त्या 'आम्ही'चं श्रेय प्रत्यक्षात बोलणाऱ्याच्याच खात्यात जमा होतं. माझ्या सहकारी बाईंच्या बाबतीत सहा वर्षं नेमकं हेच झालं. वर फाइल पाठवताना ज्याने केली त्याला ईमेलमध्ये सीसी करा आणि पहिल्या ओळीत नाव लिहा. शक्य असेल तेव्हा स्वतः न मांडता त्यालाच मांडू द्या, तुम्ही शेजारी बसा. चूक निघाली तर मात्र उलट, तिथे 'आम्ही'ही नको, तिथे 'मी'. ही गोष्ट टीमच्या कानावर हमखास जाते. तुम्हाला सांगावी लागत नाही.

आपलं काम शेवटी कुणाच्या उपयोगी पडतं, हेही लोकांना दिसू द्या. अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार आवडतो. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे काही जण होते. रोज नकार ऐकायचं काम. त्यांतल्या काहींना त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी भेटला, फक्त काही मिनिटं. महिन्याभरानंतर मोजलं तर या लोकांचा फोनवर बोलण्याचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. ज्यांना तो भेटला नव्हता, त्यांच्यात असा बदल नव्हता. तुमच्या टीमचं काम ज्यांच्यापर्यंत पोहोचतं अशा एखाद्या माणसाला बोलावता येईल का बघा. ते जमत नसेल तर आलेली चांगली पत्रं तरी तुमच्या इनबॉक्समध्ये अडकू देऊ नका. प्रमुखाकडे आभाराचे ईमेल येतात आणि टीमकडे फक्त दुरुस्त्या पोहोचतात, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

पगाराचं बोलतो, कारण ते टाळलं तर बाकी सगळं खोटं पडेल. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली सुमारे दोनशे इंजिनीअर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली. कामात माणूस रमतो तो काही साधल्यामुळे आणि त्याची नोंद घेतली गेल्यामुळे. नाराज होतो तो कंपनीची धोरणं, वरिष्ठांची वागणूक, पगार अशा गोष्टींमुळे. या दोन बाजू वेगवेगळ्या आहेत, एकीची भरपाई दुसरीने होत नाही. या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, पण ही एवढी गोष्ट माझ्या अनुभवात खरी ठरली आहे. एखाद्याला त्याच कामासाठी शेजारच्यापेक्षा कमी पैसे मिळत असतील, तर तुमच्या दखलीने ती जखम भरणार नाही. उलट गोड शब्दांनी पैसे वाचवताय असं वाटेल. तुमच्या टीममध्ये असं कुणी आहे का, हे आधी तपासा. असेल तर वर लिहून मागणी करा, आणि त्या माणसाला तारखेनिशी सांगा, कधी मागितलं, काय उत्तर आलं, पुन्हा कधी मागणार.

पगारवाढ तुमच्या हातात नाही, पण खरं कारण सांगणं हातात आहे, आणि त्याचं वजन तुम्हाला वाटतं त्याहून जास्त आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाने १९९० साली एका कंपनीच्या कारखान्यांचा अभ्यास मांडला. दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कापला होता. एका ठिकाणी वरिष्ठांनी सविस्तर बसून कारण समजावलं, खेद व्यक्त केला, प्रश्नांची उत्तरं दिली. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात निर्णय कळवून मोकळे झाले. त्या काळात दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या, पण जिथे नीट समजावलं होतं तिथे कितीतरी कमी. कपात तितकीच होती. फरक होता तो माणसांना विश्वासात घेण्याचा. त्यामुळे "बजेट नाही" ही दोन शब्दांची बोळवण करू नका. बसा, जे सांगता येण्यासारखं आहे ते सगळं सांगा.

एका गोष्टीबद्दल मला तुम्हाला थोडं कठोर बोलायचंय. तुम्ही कधीच रागावला नाहीत, हे तुम्ही गुण म्हणून लिहिलंय. रागावू नका, पण चूक दिसली तर सांगा. स्पष्ट, एकट्याला, त्याच दिवशी. प्रमुख कधीच काही दुरुस्त करत नाही, तेव्हा चांगलं काम करणाऱ्याला असं वाटू लागतं की बरं केलं काय, वाईट केलं काय, इथे फरक पडत नाही. शेजारचा निष्काळजीपणा करतो आणि त्यालाही कुणी काही म्हणत नाही, हे तो रोज बघत असतो. तुमच्या भरवशाच्या माणसाने शेजाऱ्यांच्या किती चुका गुपचूप निस्तरल्या असतील, याचा अंदाज तरी आहे का तुम्हाला? मला तेव्हा नव्हता.

शेवटी, ठरवण्याचा अधिकार. टोयोटाच्या कारखान्यात काम चालू असताना काही बिघडलंय असं वाटलं तर कामगार एक दोरी ओढून किंवा बटण दाबून इशारा देऊ शकतो. दिवा लागतो, त्याचा गटप्रमुख तिथे पोहोचतो, आणि प्रश्न वेळेत सुटला नाही तर अख्खी लाइन थांबते. लाइन थांबणं किती महागात पडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ती दोरी प्रत्येकाच्या हाताशी आहे. "तुझ्या नजरेवर आमचा विश्वास आहे" हे सांगण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. तुमच्या टीममध्ये अशी दोरी कोणती होऊ शकेल? प्रत्येकाच्या कामातला एक तरी निर्णय असा काढा, जो आजवर तुमच्या सहीसाठी थांबायचा आणि यापुढे थांबणार नाही. "हे तुम्ही ठरवा, मला नंतर कळवा." आणि मग तो निर्णय तुम्हाला शंभर टक्के पटला नाही तरी बदलू नका. बदललात तर दोरी दिल्यासारखी करून कापल्यासारखं होईल.

हे सगळं एका महिन्यात होणार नाही, आणि टीम लगेच विश्वास ठेवणारही नाही. आत्ताच एक उपक्रम येऊन फसलाय. मॅडमचं हे नवीन काहीतरी, असं म्हणून लोक थोडे दिवस वाट बघतील. तो कागद मात्र दर पंधरा दिवसांनी काढत राहा, रिकाम्या ओळी भरत राहा.

आणि नोकरी सोडून गेलेल्या त्या भरवशाच्या सहकाऱ्याला एकदा फोन करा. परत या म्हणण्यासाठी नको, त्यांनी निर्णय घेतलाय, त्याचा मान राखा. "तुम्ही म्हणालात ते मला उशिरा समजलं," एवढं सांगा, आणि विचारा, "तुम्ही काय काय बघायचात, जे कुणाला माहीत नव्हतं?" ते सांगतील. मला वाटतं, अर्ध्या तासाहून जास्त बोलतील. सगळं लिहून घ्या. त्यांच्या जागी नवीन माणूस येईल तेव्हा पहिल्या दिवशी ती यादी त्याच्या हातात द्या, आणि यादीच्या वर ती कामं कुणी सांभाळली होती त्यांचं पूर्ण नाव लिहा.